पहिल्यांदा क्रूझला जाताय? निघण्याआधी तब्येतीची तयारी अशी करा

क्रूझच्या जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात, त्यामुळे तब्येतीचं फारसं बघायला नको, असं पहिल्यांदा जाणाऱ्या पुष्कळ जणांना वाटतं. हा दवाखाना काय करू शकतो आणि काय नाही, ते आधी समजून घ्या. मोठ्या जहाजावर ईसीजी निघतो, एक्स-रे निघतो, रक्ताच्या काही तपासण्या होतात, सलाईन लावतात, ऑक्सिजन देतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला तेवढ्यापुरतं सावरायची औषधंही असतात. पण अँजिओप्लास्टी होत नाही, मोठं ऑपरेशन होत नाही, रक्तपेढी नसते. पुढचे सगळे उपचार जमिनीवर गेल्यावरच, आणि जमीन कधी दोन तासांवर असते, कधी दोन दिवसांवर.

म्हणून क्रूझसाठी तब्येतीची खरी तयारी किनाऱ्यावर असतानाच होते, तीही निघण्याच्या दीड-दोन महिने आधी. मी आईवडिलांना घेऊन गेले होते. आईला मधुमेह, वडिलांना रक्तदाब आणि प्रोस्टेटचा त्रास. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे सांगणारं कुणी नव्हतं. एकेक फोन करत, एकेक फॉर्म भरत ते उलगडत गेलं. तुमची ती धावपळ वाचावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

## १. बंदरांची यादी हातात घ्या आणि मगच डॉक्टरांकडे जा

निदान ६ आठवडे आधी डॉक्टरांची वेळ घ्या. काही लसींचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, काहींचे एकाहून जास्त डोस असतात. जमलं तर प्रवासासाठीच्या लसी देणाऱ्या डॉक्टरांकडे जा, कारण कोणत्या देशात कोणता आजार आहे हे त्यांच्या रोजच्या बघण्यातलं असतं.

जाताना नुसतं ‘आम्ही क्रूझला चाललोय’ एवढं सांगून भागत नाही. जहाज कोणत्या बंदरांना, कोणत्या क्रमाने लागणार, प्रत्येक ठिकाणी किती तास थांबणार आणि कुठे रात्रीचा मुक्काम आहे, हे छापून न्या. बारकावा वाटेल, पण सल्ला त्यावरच ठरतो. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. जहाज सकाळी लागून सूर्यास्ताच्या आधी निघणार असेल तर धोका वेगळा, आणि तिथेच रात्र काढून तुम्ही जंगलातल्या सहलीला जाणार असाल तर वेगळा. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, म्हणून दिवसाच्या बंदरालाही डास पळवणारं मलम लागतंच.

मलेरियाच्या गोळ्या दिल्या तर त्या किती दिवस आधी सुरू करायच्या आणि परत आल्यावर किती दिवस चालू ठेवायच्या, हे लिहून घ्या. त्यांपैकी डॉक्सीसायक्लिन ही गोळी परतल्यावरही ४ आठवडे घ्यावी लागते. घरी आलो, आता कशाला, म्हणून लोक मध्येच सोडतात आणि नेमके तेव्हाच आजारी पडतात.

याच भेटीत दातांचंही बघून घ्या. दुखणारी दाढ जहाजावर काढून मिळत नाही.

## २. लसी

आधी नेहमीच्या लसी पूर्ण आहेत का ते बघा: धनुर्वात (१० वर्षं झाली असतील तर पुन्हा), गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या. जहाजावर कितीतरी देशांतले प्रवासी आणि कर्मचारी एकाच छताखाली राहतात, एकाच जेवणघरात जेवतात. त्यामुळे लहानपणीचे म्हणून आपण विसरलेले आजारही तिथे भेटू शकतात.

फ्लूची लस उन्हाळ्याच्या सफरीलाही घ्या. उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत फ्लूचा हंगाम ऐन भरात असतो, आणि दोन्हीकडची माणसं जहाजावर एकत्र येतात. १९९८ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या सफरींवर फ्लूची साथ पसरली होती. लस निघण्याच्या दोन आठवडे आधी घ्या, म्हणजे शरीराला तयारीला वेळ मिळतो. वय साठीच्या पुढे असेल किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार असेल तर कोविड आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही विचारा. दूषित अन्नपाण्याचा धोका असलेली बंदरं यादीत असतील तर हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि क्रूझवाले सगळ्यात जास्त इथेच अडकतात. ज्या देशात पीतज्वर अजिबात नाही, असा देशही तुमच्याकडे लसीचा दाखला मागू शकतो. कारण तुम्ही आधीच्या बंदराला पीतज्वर असलेल्या देशात जाऊन आलेले असता. म्हणजे एकेका देशाचा नियम सुटा बघून चालत नाही, बंदरांचा क्रम बघावा लागतो. हा दाखला फक्त मान्यताप्राप्त केंद्रावरच मिळतो आणि लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. निघायच्या आठवड्यात धावत जाऊन घेतलेली लस त्या बंदरावर कामी येत नाही. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला जन्मभरासाठी ग्राह्य धरला जातो, त्यामुळे जुना दाखला घरात असेल तर तो शोधा, त्यावरची १० वर्षांची मुदत उलटली असली तरी.

ही जिवंत विषाणूंची लस आहे. ९ महिन्यांखालची बाळं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती खालावलेले यांना ती देत नाहीत. साठीच्या पुढे दुष्परिणामांचा धोका वाढतो, तेव्हा डॉक्टर फायदा-तोटा तोलूनच ठरवतात. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय सूट-पत्र मिळतं. ते पत्र जहाज कंपनी आणि त्या बंदरावरचे अधिकारी मानतात का, हे तिकीट रद्द करण्याची मुदत संपायच्या आत विचारा. पीतज्वर आणि गोवर-गालगुंड-रुबेला या दोन्ही लसी घ्यायच्या असतील तर त्या एकाच दिवशी घेतात, नाहीतर मध्ये ४ आठवडे सोडतात. उशीर केला की हे गणित बसत नाही.

## ३. जुना आजार लपवू नका, जहाज कंपनीला आधी कळवा

कळवलं तर आपल्याला नेणार नाहीत, या भीतीने लोक गप्प बसतात. प्रत्यक्षात उलटं होतं. आधी सांगितलं तर सोय होते. ऐनवेळी कळलं तर बंदरावरून परत पाठवू शकतात. बहुतेक कंपन्यांमध्ये विशेष गरजा असलेल्या प्रवाशांसाठी वेगळा विभाग असतो. तिकीट काढताना लगेच त्यांना मेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

काय काय कळवायचं?

सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते) असेल तर पलंगाजवळ प्लग आहे का आणि डिस्टिल्ड पाणी मिळेल का, हे विचारा. घरचा एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. सर्ज प्रोटेक्टर असलेले बोर्ड पुष्कळ जहाजांवर आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात. ऑक्सिजन लागत असेल तर सिलिंडरची किंवा कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राची) व्यवस्था तुम्हालाच आधी ठरवावी लागते. डायलिसिसची सोय नेहमीच्या जहाजावर नसते. त्यासाठी यंत्रं आणि तज्ज्ञ सोबत घेऊन निघणाऱ्या खास सफरी असतात, त्याच शोधा.

व्हीलचेअरसाठी रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. दुसरं, सगळीच बंदरं धक्क्याची नसतात. पाणी उथळ असेल तर जहाज लांबवर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. लाटांवर हलणाऱ्या त्या बोटीत व्हीलचेअर चढवता येतेच असं नाही. कोणत्या बंदराला अशी बोट आहे ते विचारून ठेवलं की बंदरावर गेल्यावर हिरमोड होत नाही.

गरोदर बाईला बहुतेक कंपन्या सफर संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणार असतील तर घेत नाहीत. निघतानाचे नाही, परतण्याच्या दिवसाचे आठवडे मोजा. त्याआधीही डॉक्टरांचं पत्र लागतं. तान्ह्या बाळासाठी साधारणपणे ६ महिन्यांची अट असते, महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना १२ महिन्यांची.

अलीकडे हृदयविकाराचा झटका, ऑपरेशन किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘जवळचं हॉस्पिटल दोन दिवसांवर असेल अशा ठिकाणी मी जाऊ का?’ ‘प्रवास करू का’ असं विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं.

## ४. विमा: बारीक अक्षरं आजच वाचा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं. जहाजावरच्या दवाखान्यात तपासणीची फी लागते आणि बिल केबिनच्या खात्यावर चढतं. ते तुम्ही भरायचं आणि नंतर विमा कंपनीकडून मागायचं. घरचा आरोग्य विमा जहाजावर आणि परदेशी बंदरांवर बऱ्याचदा चालत नाही, म्हणून वेगळा प्रवास विमा घ्या आणि घेण्याआधी हे विचारा:

- समुद्रावरच्या उपचारांचा खर्च मिळतो का? ‘क्रूझ’ हा शब्द पॉलिसीत स्पष्ट आहे का?
- रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवावं लागलं तर किती रकमेपर्यंत? हा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, तेव्हा हा आकडा लहान असेल तर पॉलिसी बदला.
- आधीपासून असलेले आजार धरले आहेत का? काही पॉलिसींमध्ये ही सवलत सफरीचा पहिला हप्ता भरल्यापासून ठरावीक दिवसांत विमा घेतला तरच मिळते.
- आजारी पडून केबिनमध्ये बंद राहावं लागलं किंवा सफर अर्धवट सुटली तर काय मिळेल?
- चोवीस तास फोन उचलणारा मदत क्रमांक आहे का?

तिसऱ्या मुद्द्यात एक खाच आहे. पुष्कळ पॉलिसी जुना आजार ‘स्थिर’ असेल तरच तो धरतात, आणि स्थिर म्हणजे गेल्या काही महिन्यांत औषध किंवा डोस बदललेला नसणं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी नुसती कमी केली तरी तो बदल मोजला जाऊ शकतो. विमा घेतल्यावर आणि निघण्याआधी गोळी बदलली तर विमा कंपनीला कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

हेलिकॉप्टर प्रत्येक ठिकाणी पोहोचत नाही, हेही लक्षात असू द्या. किनाऱ्यापासून फार दूर असेल तर जहाजालाच वळून जवळ यावं लागतं. हवा वाईट असेल तर थांबावं लागतं. आजारपण गंभीर असलेल्यांनी महासागर ओलांडणाऱ्या सफरीपेक्षा रोज बंदराला लागणारी सफर निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

## ५. औषधं भरताना

सफरीला लागतील त्याच्या निदान दीडपट गोळ्या घ्या. वादळाने जहाज उशिरा पोहोचतं, विमान चुकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज कोविडमुळे अडकलं होतं. जहाजावरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना लागण झाली, आणि प्रवाशांना दोन आठवडे केबिनमध्ये ठेवलं गेलं. रोजच्या गोळ्या संपत आलेल्यांना त्या मिळवून देणं हे तिथलं एक मोठं काम होऊन बसलं होतं. इतकं टोकाचं सहसा घडत नाही, पण चार दिवसांचा उशीर कुणालाही होऊ शकतो.

सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. विमानात तर ठेवतोच, पण बंदरावर चढतानाही तेच करा. तिथे मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. आमच्या आईची दुपारची गोळी आणि इन्सुलिन तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं म्हणून जेवण वेळेवर झालं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा बॅगेची वाट बघत उपाशी बसले होते.

गोळ्या मूळ पाकिटात ठेवा. आठवड्याचा डबा वापरत असाल तर तो रिकामा न्या आणि केबिनमध्ये गेल्यावर भरा. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात.

काही औषधं काही देशांत चालत नाहीत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामकांना संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, एकाग्रता टिकत नसलेल्यांना (एडीएचडीसाठी) दिली जाणारी ॲम्फेटामिनची औषधं तर प्रिस्क्रिप्शन असूनही नाही. झोपेच्या, वेदनेच्या आणि मानसोपचाराच्या गोळ्या असतील तर प्रत्येक देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर तपासा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विमानात ते सामानाच्या बॅगेत टाकू नका, तिथे गोठू शकतं. आणि केबिनमधला छोटा फ्रीज पुष्कळदा नुसताच कूलर असतो, थंडावा पुरेसा नसतो. आत छोटा थर्मामीटर ठेवून बघा. भरवसा वाटला नाही तर दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवू द्याल का ते विचारा. वापरलेल्या सुया टाकायला बंद डबा मागितला की मिळतो.

जहाजाचं घड्याळ कधी कधी रात्रीतून एक तास पुढे-मागे करतात, आणि मोबाइल आपली वेगळीच वेळ दाखवत असतो. गोळ्यांचे गजर जहाजाच्या वेळेवर लावा. वेळेचा फरक मोठा असेल तर इन्सुलिन, फिटची औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणूनची गोळी) घेणाऱ्यांनी निघण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, बघून घ्यावा, कारण जेवण बदललं की तो हलतो.

रोजच्या औषधांखेरीज पिशवीत हे असू द्या: थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, जुलाब थांबवणारी लोपेरामाइड, पट्ट्या आणि जंतुनाशक, ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, चष्म्याची जादा जोडी, कानाच्या मशीनचे सेल. जुलाबाबरोबर ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर लोपेरामाइड घेऊ नका, सरळ दवाखान्यात जा. लहान मुलांना ते आपल्या मनाने देऊ नका.

## ६. बोट लागू नये म्हणून

डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात आणि आतल्या कानाला मात्र हेलकावे कळतात. मेंदूकडे दोन वेगळ्या बातम्या जातात आणि पोट ढवळतं. मोठी जहाजं कमी हलतात, त्यामुळे कित्येकांना काहीच होत नाही. पण गाडी लागणाऱ्यांनी, अर्धशिशी असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तयारी ठेवावी.

तिकीट काढतानाच खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्या. सी-सॉच्या दांडीसारखं आहे: टोकं वरखाली होतात, मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. उंचावरच्या, पुढच्या टोकाच्या केबिनमधून दृश्य छान दिसतं, पण हेलकावे तिथेच सगळ्यात जास्त.

गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. एकदा उलट्या लागल्या की ती पोटात टिकत नाही. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन यांपैकी कोणती तुम्हाला चालेल ते डॉक्टरांना विचारा आणि घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. किती झोप येते ते तेव्हाच कळतं.

कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान ४ तास आधी लावतात आणि ती ३ दिवस चालते. पण ती सगळ्यांसाठी नाही. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांना ती वर्ज्य आहे, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडकणाऱ्यांना त्रास वाढू शकतो, आणि वयस्कर माणसांना तिने गोंधळल्यासारखं होतं. आमच्या वडिलांना ओळखीतल्या कुणी तरी ही पट्टी आणून दिली होती. डॉक्टरांनी प्रोस्टेटचं नाव ऐकताच ती बाजूला ठेवायला सांगितली. पट्टी हाताळली की हात धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं.

मळमळ सुरू झालीच तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा, मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा, थोडं थोडं खा. उपाशी राहिल्याने बरं वाटत नाही. दारू टाळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर उलटी झाली तर साखर उतरू शकते, तेव्हा थांबून बघू नका, दवाखान्याला फोन करा.

## ७. पोट सांभाळा

जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आली की तिच्या मागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. फार थोडे विषाणू पोटात गेले तरी पुरतात. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि १ ते ३ दिवसांत थांबतात. बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ विषाणू शरीरातून बाहेर पडत राहतात.

या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. जेवणघराच्या दारात हातावर दोन थेंब घेऊन लोक निश्चिंत होतात, पण साबण आणि वाहत्या पाण्याने २० सेकंद चोळून हात धुणं हाच उपाय आहे. बुफेच्या डावाला, जिन्याच्या कठड्याला, लिफ्टच्या बटणाला शेकडो हात लागलेले असतात. म्हणून वाढून घेतल्यावर आणि खायला बसायच्या आधी हात धुवायचे. केबिनमधलं स्वच्छतागृह वापरा, सार्वजनिक शक्यतो टाळा. कच्चे शिंपले खाऊ नका.

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथलं रोगनियंत्रण केंद्र न सांगता तपासणी करतं. गुण १०० पैकी असतात, ८५ किंवा त्याहून कमी मिळाले की जहाज नापास. हे गुण सगळ्यांना बघायला खुले आहेत. तुमचं जहाज त्या यादीत असेल तर नुसता आकडा बघू नका, पिण्याच्या पाण्याबद्दल आणि स्वयंपाकघराबद्दल काय शेरे आहेत ते वाचा.

जुलाब झाले तर ते लपवू नका. कळवलं की केबिनमध्ये राहायला सांगतात, सहल बुडते, हे खरं. पण त्याच जेवणघरात तुमच्या आईच्या वयाची माणसं बसलेली असतात आणि त्यांना याच जुलाबांनी सलाईन लागू शकतं. केबिनमध्ये ओआरएस घोट घोट घेत राहा.

गरम पाण्याच्या टबाबद्दलही सांगते. नीट निगा नसेल तर त्याच्या वाफेतून लिजनेला हे जिवाणू फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पन्नाशीपुढच्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी त्यापासून लांबच राहिलेलं बरं.

## ८. कागदपत्रांची पिशवी

मूळ कागद हातातल्या पिशवीत, एक संच सोबत्याकडे, आणि फोटो मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील असे ठेवा. समुद्रावर नेटवर्क गृहीत धरू नका.

- लसींच्या नोंदी, लागू असेल तर पीतज्वराचा मूळ दाखला किंवा सूट-पत्र
- प्रिस्क्रिप्शनच्या प्रती, औषधांची मूळ नावं आणि डोस
- डॉक्टरांचं एक पानी पत्र: आजार, ऑपरेशनं, ॲलर्जी, रक्तगट
- हृदयरोग असेल तर शेवटच्या ईसीजीची प्रत, पेसमेकरचं कार्ड
- विम्याची पॉलिसी आणि मदत क्रमांक
- सुया, मशीन, ऑक्सिजनसाठी डॉक्टरांचं पत्र
- जहाज कंपनीकडून आलेली लेखी उत्तरं
- गरोदर असाल तर आठवडे लिहिलेलं पत्र

यातलं सगळ्यात उपयोगी काय ते विचाराल तर जुना ईसीजी. छातीत दुखलं तर जहाजावरचे डॉक्टर नवीन ईसीजी काढतात, आणि त्यातला बदल आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुना समोर असेल तर लगेच कळतं. आईच्या पर्समध्ये आम्ही एक छोटं कार्डही ठेवलं होतं. त्यावर इंग्रजीत तिचा आजार, इन्सुलिनचं नाव, पेनिसिलिनची ॲलर्जी आणि आमचा केबिन क्रमांक. बंदरावर ती एकटी चुकली असती तरी वाचणाऱ्याला पुरेसं होतं.

## ९. चढण्याच्या दिवशी

चढण्याआधी तब्येतीचा फॉर्म देतात: गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, उलट्या-जुलाब झाले का. खरं लिहा. बहुधा डॉक्टर बोलून, तपासून ठरवतात. आदल्या दिवशीच ताप आला तर आधी विमा कंपनीला फोन करा, मग बंदरावर जा.

केबिनमध्ये गेल्यावर दवाखाना कोणत्या डेकवर आहे आणि तातडीचा फोन क्रमांक काय, हे बघून घ्या. स्वच्छतागृहाच्या दारात उंच उंबरा असतो आणि रात्री हमखास ठेच लागते. वयस्कर माणसांसाठी रात्रीचा दिवा आणि रबरी तळव्याच्या चपला न्याच. पायऱ्या उतरताना एक हात कठड्यावर.

आणीबाणीची कवायत चुकवू नका. २०१२ मधल्या ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’च्या अपघातानंतर नियम बदलले आणि २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक आहे. आणीबाणीत लिफ्ट वापरू देत नाहीत. कुणाला जिना उतरता येत नसेल तर तेव्हाच सांगून मदतीच्या यादीत नाव घाला. रात्री उशाशी एका छोट्या पिशवीत दोन दिवसांच्या गोळ्या, चष्मा आणि बॅटरी ठेवत जा.

मुलं असतील तर पोहण्याच्या तलावाकडे एक क्षणही दुर्लक्ष नको. पुष्कळ जहाजांवर जीवरक्षक नसतो.

## १०. बंदरावर उतरलात की

पाणी सीलबंद बाटलीतलं, बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत, अन्न वाफाळतं. समुद्रावरचं ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, म्हणून दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा. आधी सनस्क्रीन, त्यावर डासांचं मलम. डॉक्सीसायक्लिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे त्वचा लवकर भाजते. तुमची गोळी त्यात आहे का ते विचारून घ्या. भटक्या कुत्र्यामाकडाने चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा आणि जहाज सुटायच्या आत रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठा. पुढच्या बंदरापर्यंत थांबू नका.

स्कुबा डायव्हिंग करणार असाल तर परतीच्या विमानाची वेळ बघा. एकाहून जास्त वेळा बुडी मारली असेल तर विमानाआधी निदान १८ तास जायला हवेत.

## ११. परत आल्यावर

जमिनीवर पाय ठेवल्यावरही एक-दोन दिवस डोलल्यासारखं वाटतं. ते आपोआप जातं. महिनाभर टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

ताप मात्र हलक्यात घेऊ नका. लिजनेलाचा न्यूमोनिया लागण झाल्यावर २ ते १४ दिवसांत दिसतो, मलेरिया कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही डोकं वर काढतो. डॉक्टरांकडे गेलात की ते विचारायच्या आधीच सांगा: क्रूझला गेलो होतो, या या बंदरांना उतरलो होतो, गरम पाण्याच्या टबात बसलो होतो की नाही, मलेरियाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या की नाही. बंदरांची ती छापलेली यादी तोपर्यंत टाकून देऊ नका.